अनुदान यंत्राला की कल्पकतेला? रायगड किनाऱ्यावरील लघुउद्योगांच्या शासकीय अर्थसाहाय्याचा इतिहास (१९१८ ते २०२१)

प्रस्तावना

लघुउद्योगाने नवे तंत्रज्ञान घडवावे आणि त्यासाठी शासनाने परतफेडीची अट न घालता पैसा द्यावा, ही कल्पना महाराष्ट्रात २०१६ नंतर सर्वतोमुखी झाली. १६ जानेवारी २०१६ रोजी ‘स्टार्टअप इंडिया’ मोहिमेचा आरंभ झाला, २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने नावीन्यपूर्ण नवउद्यमांविषयीचे आपले धोरण जाहीर केले आणि ‘नवोन्मेष’ हा शब्द शासकीय परिपत्रकांत रूढ झाला. त्यामुळे हा विषय अगदी अलीकडचा आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. तथापि छोट्या उद्योजकाच्या हाती नवे तंत्र यावे म्हणून सरकारी तिजोरीतून पैसा देण्याचा प्रघात कोकणच्या किनाऱ्यावर या मोहिमेपेक्षा निदान साठ वर्षांनी जुना आहे. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मासेमारी नौकांचे यांत्रिकीकरण होय.

प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्याच्या, म्हणजेच १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या, किनारपट्टीच्या संदर्भात या अर्थसाहाय्याचा विचार केला आहे. उरण-करंजापासून रेवस, अलिबाग, रेवदंडा, मुरूड, दिघी मार्गे श्रीवर्धन व बाणकोटच्या खाडीपर्यंतचा हा प्रदेश. मुंबईच्या बाजारपेठेला तो इतका जवळ आहे की, येथील मासळी पिढ्यानपिढ्या ससून डॉक व भाऊचा धक्का येथे उतरत आली. या किनाऱ्यावर शासनाने खर्च केला तो प्रामुख्याने तयार यंत्राच्या खरेदीवर. त्या यंत्राला येथील नौकेत, येथील पाण्यात व येथील जाळ्याशी जुळवून घेण्याचे जे खरे तांत्रिक काम झाले, त्याला मात्र अनुदानाच्या हिशेबात जागा मिळाली नाही. हा भेद केवळ शब्दांचा नाही. लाभ कोणाला मिळाला, कर्जाचे ओझे कोणावर पडले आणि किनाऱ्यावरील कोणते ज्ञान अनामिक राहिले, हे त्यावरून ठरले.

मासेमारी नौकेला ‘लघुउद्योग’ म्हणणे काहींना खटकेल. परंतु नौकेत भांडवल गुंतलेले असते, नाखवा मालक असतो, तांडेल ती चालवितो, खलाशांना मजुरीऐवजी बहुधा उत्पन्नाचा वाटा मिळतो आणि तोट्याची जोखीम प्रत्येक फेरीला असते. लघुउद्योगाची याहून वेगळी लक्षणे कोणती सांगावयाची? मुंबई इलाख्यातील प्रशासनालाही हे मान्य होते. १९४५ मध्ये स्वतंत्र मत्स्यव्यवसाय खाते होण्यापूर्वी मासेमारीचे काम उद्योग खात्याच्याच कक्षेत होते.

साहाय्याच्या कल्पनेचा उगम

एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश शासनाचे धोरण देशी उद्योगांबाबत सामान्यतः अलिप्ततेचे होते. एखाद्या कल्पक कारागिराला शासनाकडून प्रयोगासाठी रक्कम मिळावी, अशी व्यवस्थाच नव्हती. मुंबईत जन्मलेले संशोधक डॉ. शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांची कारकीर्द या दृष्टीने उद्बोधक आहे. मुद्रणासाठी खिळे पाडणाऱ्या त्यांच्या यंत्राला आधार मिळाला तो दादाभाई नौरोजींच्या ओळखीचा व पुढे सर रतन टाटा यांच्या भांडवलाचा. त्यांना लंडनला व नंतर अमेरिकेला जावे लागले. मराठी संशोधकाला त्या काळी आश्रयदाता शोधावा लागे. शासनाच्या दारी ठोठावण्याजोगे दार नव्हते.

पहिल्या महायुद्धाने ही स्थिती पालटली. युद्धकाळात आयात आटली आणि साम्राज्याच्या संरक्षणासाठी हिंदुस्थानातील उद्योग उपयोगी आहेत, हे सरकारला उमगले. १९१६ मध्ये सर थॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली औद्योगिक आयोग नेमण्यात आला व त्याचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पंडित मदन मोहन मालवीय यांनी त्याला भिन्नमतपत्रिका जोडली, हे सर्वश्रुत आहे. आयोगाने प्रांतोप्रांती उद्योग खाती असावीत आणि लहान उद्योगांना तांत्रिक सल्ला व आर्थिक साहाय्य मिळावे, अशी शिफारस केली. १९१९ च्या सुधारणांनुसार उद्योगविकास हा सोपीव विषय म्हणून प्रांतिक मंत्र्यांच्या हाती आला. मद्रास, बिहार-ओरिसा, पंजाब या प्रांतांनी १९२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत उद्योगसाहाय्याचे कायदे केले. मुंबई इलाख्यात हे काम पुढे १९३५ च्या उद्योगसाहाय्य नियमांखाली चालले.

या सर्व व्यवस्थेचा पाया तारण हा होता. शासन पैसा देणार तो यंत्र, इमारत वा कच्चा माल यांसाठी, कारण या वस्तू डोळ्यांना दिसतात, त्यांची पावती मिळते आणि परतफेड थकल्यास त्यांवर जप्ती आणता येते. प्रयोगाची पावती नसते. फसलेल्या प्रयोगावर जप्ती आणून सरकारला काय मिळणार? पुढील शंभर वर्षांत योजनांची नावे अनेकदा बदलली. हिशेब तपासणाऱ्या यंत्रणेची ही अडचण मात्र कायम राहिली.

शासनाचा स्वतःचा प्रयोग

मासेमारीपुरते पाहता, मुंबई सरकारने छोट्या नाखव्याला पैसा देण्यापूर्वी स्वतःच प्रयोग करून पाहिला. सनदी अधिकारी डब्ल्यू. एच. ल्यूकस यांनी १९१० मध्ये इलाख्यातील मासेमारीविषयी अहवाल सादर केला होता. त्यानंतर १९२१-२२ मध्ये ‘विल्यम कॅरिक’ हे वाफेवर चालणारे ट्रॉलर मुंबईच्या समुद्रात चालविण्यात आले. उत्तर समुद्रातील ब्रिटिश मासेमारीचे तंत्र जसेच्या तसे अरबी समुद्रात आणण्याचा हा उपक्रम. खर्च व उत्पन्न यांचा मेळ बसला नाही आणि प्रयोग गुंडाळण्यात आला. समुद्रतळाविषयी व मासळीच्या ठिकाणांविषयी काही माहिती हाती आली, इतकाच लाभ.

या अपयशाचे कारण यंत्रात शोधणे चुकीचे ठरेल. शीतगृहे नव्हती, बर्फाचा पुरवठा अपुरा होता आणि मोठे जहाज चालविण्याचा रोजचा खर्च मासळीच्या भावात भरून निघत नव्हता. शिवाय करंजा-रेवसपासून मुरूडपर्यंतच्या कोळ्यांची मासेमारी मुख्यतः डोल जाळ्याची होती. भरती-ओहोटीच्या प्रवाहात खुंटांना किंवा नांगरांना बांधलेले हे पिशवीसारखे जाळे मासळीच्या मागे धावत नाही. प्रवाहच मासळी जाळ्यात आणून सोडतो. बोंबील व जवळा यांसाठी हे तंत्र इतके अचूक आहे की, त्यात वाफेच्या शक्तीचा उपयोगच नव्हता. उपयोग होता तो वेगाचा: जाळ्यापर्यंत वेळेवर पोहोचण्यासाठी आणि मासळी ताजी असताना मुंबईच्या धक्क्याला लागण्यासाठी. वारा पडला की शिडाची होडी समुद्रात अडकून पडे व मासळी नासे. अडचण कोळ्याला ठाऊक होती. सरकारने मात्र भलत्याच अडचणीवर उत्तर विकत आणले होते.

एच. टी. सोर्ले यांच्या १९३३ च्या अहवालापासून दृष्टी काहीशी बदललेली दिसते. किनाऱ्यावरील प्रत्यक्ष मासेमारी, वाहतूक, कर्जबाजारीपणा व बाजार यांचा एकत्र विचार होऊ लागला. डॉ. एस. बी. सेटणा यांच्या कारकिर्दीत खात्याने मासळीच्या वाहतुकीसाठी यांत्रिक लाँचींना उत्तेजन दिले. समुद्रातच मासळी गोळा करून मुंबईस पोहोचविणारी लाँच ही मोठ्या ट्रॉलरच्या मानाने साधी गोष्ट. पण ती स्थानिक गरजेला धरून होती. इंजिनाचा कोळ्यांशी परिचय झाला तो प्रथम वाहतुकीतून, आणि त्यानंतर ते मासेमारीच्या होडीत शिरले.

होडीत इंजिन बसले कसे?

स्वातंत्र्यानंतर साहाय्याचे स्वरूप झपाट्याने विस्तारले. या घडामोडींच्या केंद्रस्थानी असलेले एक नाव याच जिल्ह्याचे आहे. महाडजवळील नाते येथे जन्मलेले व रोह्याच्या घराण्यातील चिंतामणराव देशमुख १९५० ते १९५६ या काळात केंद्रीय अर्थमंत्री होते. पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्याच कार्यकाळात राबविली गेली. राज्य वित्तीय महामंडळांचा १९५१ चा कायदा, १९५५ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळ आणि त्याच वर्षीची प्रा. द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील ग्राम व लघुउद्योग समिती ही सर्व या कालखंडाची फळे होत. लघुउद्योगाला हप्त्याने यंत्र मिळावे, ही सोय या महामंडळाने रूढ केली. येथेही भर खरेदीवरच होता, हे नमूद करावयास हवे.

१९५२ मध्ये भारत व अमेरिका यांच्यात तांत्रिक सहकार्याचा करार झाला. त्याखाली सागरी मासेमारीच्या आधुनिकीकरणासाठी साहित्य उपलब्ध होऊ लागले. त्याच वर्षी नॉर्वेशी झालेल्या करारातून केरळमधील नीण्डकरा परिसरात प्रसिद्ध इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प आकारास आला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने नौकारचनाकार भारतात पाठविले. या तज्ज्ञांपुढे दोन किनाऱ्यांवर दोन वेगळे प्रश्न होते. मद्रास व त्रावणकोरच्या अनेक भागांत ओंडके बांधून केलेल्या किंवा एकाच लाकडात कोरलेल्या नौका होत्या. त्यांत इंजिन बसविणे कठीण, म्हणून तेथे नव्या आराखड्याच्या नौका बांधाव्या लागल्या. मुंबई राज्यात मात्र फळ्या जोडून बांधलेल्या, कणा असलेल्या, खोल बुडाच्या भक्कम होड्या आधीपासून होत्या. येथे नवी नौका आणण्याची गरज नव्हती. असलेल्याच नौकेत इंजिन बसविता येत होते. उत्तरेकडील सातपाटी हे या बदलाचे आघाडीचे गाव ठरले आणि कुलाब्याच्या किनाऱ्यानेही तीच वाट धरली.

‘असलेल्या नौकेत इंजिन बसविणे’ हे वाक्य अहवालात लिहावयास सोपे आहे. प्रत्यक्षात ते काय असते? शिडाची होडी वाऱ्याच्या बाजूच्या दाबासाठी बांधलेली असते. तिच्या मागील भागात इंजिनाचे वजन आले की, तिचा तोल बदलतो. इंजिन बसविण्यासाठी कण्यावर जाड लाकडांची बैठक करावी लागते, ती आतील वाकांना घट्ट जोडावी लागते आणि इंजिनाचा आस पंख्याच्या आसाशी केसभरही न ढळता जुळवावा लागतो. मागील खांबातून दांडा जाण्यासाठी छिद्र पाडावयाचे, पण त्यातून पाणी आत येता कामा नये. पंख्याला फिरण्यास जागा द्यावयाची म्हणजे सुकाणूचा आकार बदलावयाचा. आणि हे सर्व जमल्यानंतरही इंजिनाच्या सततच्या थरथरीने फळ्यांच्या सांध्यांत ठोकून बसविलेला कापूस सैल होऊ लागतो. तेव्हा सांधे भरण्याची पद्धतही सुधारावी लागते. होडीचा मागील भाग पुढे अधिक रुंद झाला, शीड दुय्यम झाले आणि डोलकाठीची उंची घटली. या बदलांचा कोणी आराखडा काढून दिला नव्हता. होड्या बांधणारे मेस्त्री, लोहारकाम करणारे कारागीर आणि दर फेरीनंतर तक्रार घेऊन येणारा तांडेल यांच्या परस्पर संवादातून ते घडले. आंग्र्यांच्या आरमाराचा हा किनारा. १८४० मध्ये आंग्र्यांचे संस्थान खालसा झाले, तरी नौकाबांधणीचे कसब त्याबरोबर खालसा झाले नव्हते.

इंजिनाचीही तीच कथा. समुद्रावर वापरण्यासाठीच घडविलेली इंजिने महाग असत आणि त्यांचे सुटे भाग सहज मिळत नसत. मालमोटारीच्या डिझेल इंजिनाचे भाग मात्र प्रत्येक मोठ्या गावात मिळतात व त्याचा जाणकारही तेथेच असतो. म्हणून महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अशोक लेलँडच्या बनावटीची इंजिने पुढे मोठ्या प्रमाणावर रुजली. रस्त्यावरचे इंजिन वाऱ्याने थंड होणाऱ्या रेडिएटरवर अवलंबून असते. नौकेच्या बंदिस्त पोटात तो वारा नाही. समुद्राचे खारे पाणी थेट आत घेतले तर धातू गंजतो. पाणी फिरविण्याची वेगळी व्यवस्था, उलट-सुलट गतीचा गिअर, धुराच्या नळीला पाण्याची थंडाई ही सर्व जुळवाजुळव करावी लागते. कारखानदारांनी पुढे नौकेसाठी तयार संच विक्रीस आणले, हे खरे. पण धक्क्यावरील दुरुस्तीच्या दुकानांनी ही बाजारपेठ अस्तित्वात आहे, हे दाखवून दिले होते. आजच्या भाषेत यास ‘संशोधन व विकास’ असेच म्हणावे लागेल. त्याचा खर्च नाखव्याने सोसला: कधी बुडालेल्या फेरीच्या रूपाने, तर कधी जळालेल्या इंजिनाच्या.

शासनाने या प्रक्रियेत काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. इंजिन-खरेदीला कर्ज व अनुदान मिळाले नसते, तर बदलाचा वेग फार मंद राहिला असता. मत्स्यव्यवसाय खात्याने अलिबागसह किनाऱ्यावर प्रशिक्षण केंद्रे चालविली व तेथे तरुण कोळ्यांना नौकानयन, मासेमारी आणि डिझेल इंजिनाची देखभाल शिकविली. ज्ञानावर थेट खर्च झाला असा हा बहुधा एकमेव ठळक प्रसंग, आणि तो अनुदानाच्या रकमेच्या तुलनेत लहान असूनही दीर्घकाळ टिकला. मात्र केंद्रात शिकवावयाचे होते ते इंजिन चालविणे व दुरुस्त करणे. होडीच्या रचनेत फेरबदल करणाऱ्या मेस्त्रीसाठी असे केंद्र नव्हते आणि त्याच्या अनुभवाची नोंद घेण्याचीही सोय नव्हती.

सहकार, तारण आणि अश्वशक्ती

कोळीवाड्यातील घराखालच्या जमिनीचा मालकीहक्क कागदोपत्री स्पष्ट नसे. अशा कुटुंबाला बँक कर्ज कशी देणार? या अडचणीवर सहकारी संस्था हा तोडगा निघाला. संस्था जामीन, सभासद लाभार्थी आणि नौका तारण. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या कार्यकक्षेत १९७४ मध्ये मत्स्यव्यवसाय आला आणि यांत्रिक नौकांसाठी कर्ज, भागभांडवल व अनुदान अशा मिश्र साहाय्याचा ओघ सुरू झाला. सहकाराने कोळ्याला सावकाराच्या पाशातून काही अंशी बाहेर काढले, हे श्रेय त्यास द्यावेच लागेल. थकबाकीचा प्रश्न मात्र पुढील दशकांत संस्थांच्या मानगुटीवर बसला.

अनुदान यंत्राच्या किमतीशी बांधलेले असले की, महाग यंत्र घेणाऱ्यास अधिक रक्कम मिळते. त्यामुळे अधिक अश्वशक्तीकडे ओढा निर्माण होणे अपरिहार्य होते. याच काळात कोळंबीच्या निर्यातीने समुद्रतळ खरवडणाऱ्या ट्रॉल जाळ्याला सोन्याचा भाव आणून दिला. एकाच समुद्रात आता दोन तंत्रे समोरासमोर आली: खुंटाला बांधलेले स्थिर डोल आणि त्याच पट्ट्यातून ओढत नेले जाणारे ट्रॉल. डोलाची जागा कोणत्या घराची, हे गावाच्या परंपरेने ठरलेले असे. ट्रॉलरला ती सीमा दिसत नाही. जाळी तुटू लागली, भांडणे किनाऱ्यावर आली आणि अखेर राज्याला १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा करावा लागला. ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासन निर्णयाने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले, तर २०२१ च्या दुरुस्तीने दंडाची तरतूद कठोर केली. ज्या शक्तीच्या खरेदीला एका हाताने अनुदान दिले, तिच्या वापरावर दुसऱ्या हाताने बंधने घालावी लागली. कमी इंधनात चालणारे इंजिन, लहान मासळी निसटू देणारे जाळे, डोलाचे जाळे ओढण्याची सोपी कळ अशा सुधारणांवर प्रारंभीच काही भाग खर्च झाला असता, तर चित्र कितपत वेगळे दिसले असते, हा तर्काचा विषय आहे. १९५७ मध्ये कोचीन येथे स्थापन झालेल्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने जाळी व नौकांवर मोलाचे संशोधन केले. ते संशोधन संस्थेत होत असे, धक्क्यावर नव्हे.

बिगर-मासेमारी उद्योगांची स्थिती थोडक्यात सांगता येईल. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना आली. मुंबई-ठाणे-पुण्याबाहेर कारखाना काढणाऱ्यास सवलत, हे तिचे सूत्र. तळोजा, पाताळगंगा, रोहा, महाड येथील औद्योगिक क्षेत्रे याच प्रवाहातील होत. १९७८ मध्ये आलेल्या जिल्हा उद्योग केंद्रांनी लहान उद्योजकाला एका छताखाली सोयी देण्याचे ठरविले. या योजनांत कारखाना कोठे आहे, भांडवल किती, रोजगार किती, हे प्रश्न विचारले जात. त्यात नवीन काय आहे, हा प्रश्न विचारला जात नसे.

नवोन्मेषासाठी अनुदान

हा प्रश्न विचारणारी व्यवस्था अमेरिकेत प्रथम आकारास आली. तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानात रोलंड टिबेट्स यांच्या पुढाकाराने १९७७ मध्ये एक छोटा कार्यक्रम सुरू झाला आणि १९८२ मध्ये त्याला देशव्यापी कायद्याचे रूप मिळाले. बाह्य संशोधनावर मोठा खर्च करणाऱ्या संघराज्य खात्यांनी त्यातील ठरावीक टक्केवारी छोट्या उद्योगांसाठी राखून ठेवावी, हा त्याचा गाभा. पहिल्या टप्प्यात कल्पना शक्य आहे काय, एवढेच तपासण्यास लहान रक्कम. ती यशस्वी ठरल्यास दुसऱ्या टप्प्यात विकासासाठी मोठी रक्कम. तिसऱ्यात बाजार, त्यास या निधीतून पैसा नाही. पहिल्या टप्प्यातील अपयश हे गैरव्यवहार समजले जात नाही. तारणाच्या जुन्या अडचणीवर शोधलेला हा प्रामाणिक उपाय होय.

भारतात या दिशेने पावले पडली ती १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात. १९९६ मध्ये तंत्रज्ञान विकास मंडळ कार्यरत झाले, परंतु त्याचे साहाय्य मुख्यतः सवलतीच्या कर्जाचे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘टेप’ या कार्यक्रमाने मात्र स्वतंत्र संशोधक व्यक्तीला अनुदान देऊ केले. पुढे त्याची जागा ‘प्रिझम’ने घेतली. २००० मध्ये अहमदाबाद येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने पदवी नसलेल्या कारागिराच्या व शेतकऱ्याच्या कल्पकतेची नोंद घेण्याचे कार्य अंगीकारले. जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ मध्ये लघुउद्योगांसाठी संशोधन-साहाय्य सुरू केले आणि २०१२ मध्ये त्यासाठी ‘बायरॅक’ ही स्वतंत्र संस्था उभारली. तिच्या प्रारंभिक अनुदानाची मर्यादा ५० लाख रुपये होती. राज्याच्या नाविन्यता सोसायटीने २०१८ पासून स्पर्धेतील विजेत्या नवउद्यमांना १५ लाख रुपयांपर्यंतचे शासकीय कार्यादेश देण्याची पद्धत सुरू केली. शासनाने अनुदान देण्याऐवजी पहिला ग्राहक व्हावे, ही कल्पना निश्चितच स्वागतार्ह आहे.

या योजनांची फळे रायगडच्या किनाऱ्यावर कोणत्या वाटेने पोहोचावीत? पेणचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. पेण व हमरापूर परिसरातील गणेशमूर्तींच्या कार्यशाळा हा या जिल्ह्याचा लघुउद्योग. शाडूच्या तुलनेत प्लास्टर ऑफ पॅरिस हलके, लवकर सुकणारे व वाहतुकीत न तुटणारे, म्हणून ते रूढ झाले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये मूर्तिविसर्जनाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या व २०२० च्या सुधारित सूचनांत या पदार्थाला मनाई केली. म्हणजे कार्यशाळांपुढे एक नेमका तांत्रिक प्रश्न होता: प्लास्टरइतका हलका व टिकाऊ, पण पाण्यात विरघळणारा पदार्थ कोणता? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात प्लास्टरची मूर्ती विरघळविण्याची पद्धत सुचविली. ती विसर्जनाची अडचण सोडविणारी होती, मूर्तिकाराच्या साच्यातली नव्हे. या प्रश्नासाठी वर्षानुवर्षे मूर्ती घडविणाऱ्या कार्यशाळेनेच प्रयोग करावेत आणि त्यासाठी तिला परतफेडीविना रक्कम मिळावी, अशी मागणी नवोन्मेषाच्या धोरणाशी पूर्णपणे सुसंगत ठरली असती.

मासेमारीत २०२०-२१ पासून प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना राबविण्यात आली. २०,०५० कोटी रुपयांच्या या योजनेत लाभार्थ्याला प्रकल्पखर्चाच्या ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्य होते. खोल समुद्रातील नौका, शीतवाहने, बर्फाचे कारखाने असे तिचे घटक वाचले की, १९५० च्या दशकातील साहाय्याशी असलेले नाते लपत नाही. घटकाची किंमत ठरलेली, टक्केवारी ठरलेली, वस्तू ठरलेली. जानेवारी २०२२ मध्ये याच क्षेत्रातील नवउद्यमांसाठी केंद्राने स्वतंत्र स्पर्धा जाहीर केली. नौका घेणारा एका खिडकीवर व नवी कल्पना मांडणारा दुसऱ्या खिडकीवर, अशी ही विभागणी आहे. धक्क्यावर मात्र या दोन भूमिका बहुधा एकाच माणसाच्या असतात.

अशा माणसाने दुसऱ्या खिडकीकडे जावयाचे ठरविले, तर काय होते? २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया बीज निधी योजनेसाठी ९४५ कोटी रुपयांची तरतूद होती. कल्पनेची शक्यता तपासणे, नमुना बनविणे व चाचणी घेणे यांसाठी २० लाख रुपयांपर्यंतचे अनुदान त्यातून मिळू शकत होते. होडीच्या मागील भागाची रचना बदलून इंधन वाचविण्याचा प्रयोग, डोल ओढण्यासाठी लहान यारी, लाकडाऐवजी फायबरच्या नौकेत इंजिनाची थरथर कमी करणारी बैठक, असे कोणतेही काम या वर्णनात बसले असते. रक्कम थेट न देता मान्यताप्राप्त उबवण केंद्रामार्फत द्यावयाची होती. अर्जदार केंद्रीय विभागाकडून मान्यता मिळालेला नवउद्यम असावा, तो कंपनी, मर्यादित दायित्वाची भागीदारी किंवा नोंदणीकृत भागीदारी या स्वरूपाचा असावा आणि अर्जाच्या वेळी त्याच्या स्थापनेस दोन वर्षांहून अधिक काळ लोटलेला नसावा, अशा अटी होत्या. होड्या बांधणाऱ्या मेस्त्रीचा व्यवसाय बहुधा एकट्याच्या नावावर चालतो, आणि तो त्याला वडिलांकडून मिळालेला असतो.